चौदा मिनिटांची रात्र आणि आठ नंबरचा दिवा

तिसऱ्या मिनिटाला संध्याकाळ हिरवी झाली.

न्यू जर्सीतल्या एका विद्यापीठाच्या नाट्यगृहात लाइट-बोर्ड, म्हणजे दिवे चालवायचं यंत्र, माझ्याकडे असतो. त्या शनिवारी टेक्निकल, म्हणजे दिवे-आवाजाची तालीम, होतं अमेरिकन नाटककार-दिग्दर्शक डेव्हिड बेलास्कोच्या ‘मादाम बटरफ्लाय’चं. ऑपेरा नव्हे, त्याआधीची एकांकिका. ५ मार्च १९०० ला न्यूयॉर्कच्या हेरल्ड स्क्वेअर थिएटरात बेलास्कोने ती आणली, ती ‘नॉटी अँथनी’ हे त्याचं पडेल प्रहसन सावरायला, मागे शेपूट जोडावं तशी. आणि त्यात हा प्रवेश: नायिका झालेली ब्लांच बेट्स दाराशी उभी, बोटीवरून येणाऱ्या नवऱ्याची वाट बघत. संध्याकाळ, चांदण्या, एकेक विझणारे कंदील, पहाट, पाखरं. १४ मिनिटं, एक शब्द नाही. हसायला आलेल्या प्रेक्षकांपुढे! त्याच उन्हाळ्यात लंडनमध्ये इटालियन संगीतकार पुच्चिनीने ही एकांकिका पाहिली. त्याच्या १९०४ च्या ऑपेरात या जागी पडद्यामागचं नुसतं गुणगुणणं आहे.

बेलास्कोची माणसं दिव्यांपुढून रंगीत रेशमाचे लांब पट्टे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर गुंडाळत नेत. रेशमाला पायऱ्या नसतात, एलईडीला असतात. ८-बिट मोडमध्ये शून्य ते पूर्ण उजेड या अंतरात २५५ पायऱ्या. १४ मिनिटं म्हणजे ८४० सेकंद, म्हणजे साधारण सव्वातीन सेकंदांना एक. उजेड भरपूर असताना ती कळत नाही, पण तळाशी २ वरून १ वर येताना तो थेट निम्मा होतो. रात्र जिना उतरल्यासारखी धपधप येते.

म्हणून सकाळीच आमचे बाराही एलईडी दिवे १६-बिटवर नेले. ६५,५३६ पातळ्या मिळतात, पण दर रंगाला बोर्डवरून हुकूम नेणारे दोन चॅनेल लागतात, एक ढोबळ आणि एक बारीक. चार रंगांचा दिवा चाराऐवजी आठ चॅनेल खातो, म्हणून सगळे पत्ते, म्हणजे प्रत्येक दिव्याच्या पहिल्या चॅनेलचे आकडे, बदलायचे: दुसरा दिवा ५ वरून ९ वर, आठवा २९ वरून ५७ वर. शिवाय प्रत्येकापुढे करडं एनडी जिलेटिन (रंग न बदलता उजेड गाळणारा पारदर्शक कागद), म्हणजे दिवा वरच्या पट्ट्यात चालवूनही उजेड कमीच पडतो.

आठव्याचा पत्ता बदलला, मोड बदलायचा राहिला. तो लाल रंगाचा बारीक चॅनेल हिरवा समजून वाचत होता. लाल सावकाश उतरताना बारीक चॅनेल २५५ वरून शून्यावर येतो आणि पुन्हा २५५ वर उडी मारतो. त्यामुळे नाटकातल्या नागासाकीच्या संध्याकाळी दर काही सेकंदांनी हिरवं भपकन पेटायचं, हळूहळू विझायचं, पुन्हा भपकन. आधी केबलवर संशय घेऊन वीस मिनिटं घालवली. केबल सैल असती तर लुकलुक इतकी तालात आली नसती, हे उशिरा सुचलं.

दुसरी चूक माझीच. ८४० सेकंदांचा एकच क्यू, म्हणजे बोर्डला द्यायचा एकच हुकूम, लिहिला होता. मध्ये थांबलं की पुन्हा पहिल्यापासून! मग त्याचे दोन-दोन मिनिटांचे सात तुकडे केले. सांध्यावर उतरण्याचा वेग बदलला तर डोळा लगेच पकडतो; दोन सांधे तीनदा घासावे लागले.

एवढ्यात नवव्या मिनिटाला नटी डुलली. गुडघे ताठ ठेवून उभं राहिलं की पायांतलं रक्त वर चढत नाही, कवायतीत पोरं पडतात तसंच. गुडघे सैल, मोज्यात बोटं हलती, आणि वजन पालटायचं ते पाचव्या ते आठव्या मिनिटात, जेव्हा तिच्यावर उजेड जवळपास नसतो. बेट्सबाई काय करत असतील कोण जाणे.

कंदिलांत मात्र एलईडी नाहीत. १२ व्होल्टचे छोटे टंगस्टन बल्ब आहेत, कारण मंद होताना ते आपसूक तांबूस होतात. कंदील पाच. सारख्या अंतराने विझवले तर घड्याळ वाटतं. म्हणून पहिल्यानंतर ४० सेकंद, मग ७०, मग २५, आणि शेवटचा तब्बल १०० सेकंद एकटा. तो बोर्डवर ठेवला नाही; विंगेत एका पोरीच्या हातात साधा डिमर दिला.

रात्री साडेदहाला सलग चौदा मिनिटं झाली. विंगेतल्या पोरीने तो शेवटचा कंदील आठ-दहा सेकंद उशिरा विझवला. तसाच ठेवायला सांगितलं.