तुमच्या नोट्स द्याल का?

"ताई, तुमच्या पॉलिटीच्या नोट्स द्याल का? पीडीएफ असेल तरी चालेल." पॉलिटी म्हणजे स्पर्धा परीक्षेतला राज्यघटना आणि राज्यकारभाराचा विषय. हा निरोप मला महिन्यातून चार-पाच वेळा येतो. स्पर्धा परीक्षेतून माझी निवड झाली त्या वर्षी तर रोज यायचा. मी नाही म्हणते. मग पलीकडून "ठीक आहे ताई" येतं. त्या एवढ्याशा ओळीत काय दडलेलं असतं ते मला पक्कं ठाऊक आहे. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून मीही नाही म्हणणाऱ्यांबद्दल तेच बोलायचे: स्वतःचं झालं, आता दुसऱ्याचं कशाला होऊ देतील.

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं सांगते.

नोट्स आहेत. सात वह्या, दोनशे पानी, लांब आकाराच्या. कलमं लाल शाईत, समित्या हिरव्या, घटनादुरुस्त्या निळ्या चौकटीत. अक्षर असं की झेरॉक्सवाला म्हणायचा, मॅडम, ह्या विकायला ठेवू का. तीन वर्षांत माझ्या मैत्रिणींनी त्यांच्या किती प्रती काढल्या हे मला मोजता येणार नाही. तेव्हा मी कंजूष आहे हे कृपा करून मनातून काढा. मी भरपूर वाटल्या आहेत, आणि ज्यांना वाटल्या त्यांचं मी काही भलं केलं असं मला आज वाटत नाही.

त्या वह्या ज्या दिवशी माझ्या मनातून उतरल्या तो दिवस सांगते.

राज्यसेवेच्या, म्हणजे उपजिल्हाधिकारी वगैरे पदांच्या, मुख्य परीक्षेचा निकाल लागला आणि यादीत माझं नाव नव्हतं. तिसरी वेळ. साडेतीन मार्क कमी पडले होते. मेसचे पैसे थकले होते, कॉट सोडायची होती, म्हणून अण्णा मला न्यायला पुण्याला आले. पुस्तकं अप्पा बळवंत चौकात विकून टाकली, पण वह्या विकायला मन होईना. त्या खताच्या रिकाम्या पोत्यात भरल्या. अण्णांनी ते पोतं खांद्यावर घेतलं आणि स्वारगेटला सोलापूरच्या गाडीत, सीटखाली मावेना म्हणून, स्वतःच्या पायांशी उभं धरून बसले. हडपसर मागे पडलं, यवत गेलं. मी खिडकीकडे तोंड करून रडत होते, आणि ते बघत नसल्यासारखं करत होते.

पाटसच्या आसपास त्यांनी पोत्यावर हात ठेवला. "एवढं काय लिहिलंय गं यात?"

"पंचायत राज, अण्णा. आपल्या ग्रामपंचायतीचंच आहे सगळं."

अण्णा दहा वर्षं ग्रामपंचायतीत सदस्य होते. त्यांचा चेहरा खुलला. माझं मन दुसरीकडे वळवायचं म्हणून असेल, किंवा त्यांना खरंच जाणून घ्यायचं असेल, त्यांनी विचारलं, "मग मला एक सांग. आपल्याकडं गटारीची कामं झाली ना, चौदाव्या वित्तमधनं. ते पैसे दिल्लीचे का मुंबईचे? ग्रामसेवकाला तीनदा विचारलं, त्यो नुसतं 'वरनं येतात' म्हणतो."

मी पोत्याचं तोंड सोडायला वाकले.

"वही कशाला काढतीस? तोंडानं सांग की."

आणि मला सांगता येईना.

ते कुठे लिहिलंय हे मला दिसत होतं. तिसरी वही, डावं पान, वरून दुसरी चौकट, शेजारी चहाचा डाग. बाण कोणत्या दिशेला काढलाय तेही दिसत होतं. फक्त चौकटीच्या आत काय आहे ते दिसत नव्हतं. मी म्हटलं, "राज्य वित्त आयोग, कलम दोनशे त्रेचाळीस आय." मग म्हटलं, "नाही, दोनशे ऐंशी." मग म्हटलं, "म्हणजे दोन्ही असतात." अण्णांनी थोडा वेळ वाट बघितली. नंतर म्हणाले, "असू दे. दमली असशील." भिगवणपासून टेंभुर्णीपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही.

उत्तर किती साधं होतं बघा. चौदावा वित्त आयोग केंद्राचा. तो कलम २८०खाली राष्ट्रपती नेमतात. त्याच्या शिफारशीचे पैसे दिल्लीहून निघतात आणि राज्याच्या हातून गावाच्या खात्यात येतात. राज्य वित्त आयोग वेगळा. तो ७३व्या घटनादुरुस्तीनं आलेल्या कलम २४३-आयखाली राज्यपाल नेमतात, आणि राज्याच्या करांतला किती वाटा पंचायतींना द्यावा हे तो सुचवतो. पाच वाक्यं. माझ्या वहीत यावर सहा पानं होती, आणि ज्या माणसानं गावात तो पैसा खर्च केला त्याला मी ही पाच वाक्यं सांगू शकले नाही. त्या पेपरातही या दोन आयोगांमध्येच माझा गोंधळ झाला होता.

आता तुम्ही म्हणाल, ताण होता, निकालाचा दिवस होता, आठवलं नसेल. मीही बरेच महिने स्वतःला हेच सांगितलं. पण घरी बसून मी एक उद्योग केला. प्रत्येक वही बंद करून तिच्यातलं जे आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायला बसले. महाराष्ट्रातल्या पंचायत राजसाठी नेमलेल्या समित्यांपैकी वसंतराव नाईक समितीच्या शिफारशी २२६, बोंगिरवार समितीच्या २०२, पी. बी. पाटील समितीच्या १८४ हे आकडे धडाधड आले. पण नाईक समितीनं जिल्हा परिषदेला एवढं बळ का दिलं, हे विचारलं तर कागद कोराच राहिला. एका वहीचं दीड पान भरलं. दोनशेपैकी दीड.

तेव्हा कळलं की तीन वर्षं मी उतरवून काढत होते. पुस्तक उघडं, वही उघडी, डोळ्यांतून हातात आणि हातातून कागदावर. मधे डोक्याला काही कामच नव्हतं. पान सुंदर झालं की अभ्यास झाल्याचं समाधान मिळायचं, आणि ते समाधान फार गोड असतं. त्याच पानावरून पुन्हा पुन्हा नजर फिरवली की सगळं ओळखीचं वाटतं. ओळखीचं वाटणं म्हणजे येणं, असं मी धरून चालले होते.

यावर संशोधन झालंय हे मला उशिरा समजलं. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के आणि ७५ टक्के. आठवड्यानं तपासलं तर उलटं: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. पाच मिनिटांनंतरची ती खोटी आघाडी म्हणजे माझी अभ्यासिकेतली तीन वर्षं.

मग मी काय केलं, हे तुमचं पुढचं विचारणं असतं. एक मुद्दा वाचायचा, पुस्तक मिटायचं, आठवेल ते लिहायचं. मग पुस्तक उघडून जे सुटलं, जे चुकलं, तेवढंच लाल शाईत भरायचं. ते लाल तेवढ्याच माझ्या नोट्स. डावीकडे समास सोडून त्यात उत्तर नाही, प्रश्न लिहायचा. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी फार पूर्वी हीच मांडणी शिकवली होती, पण माझ्या समासातला पहिला प्रश्न अण्णांचा होता: पैसे दिल्लीचे का मुंबईचे? दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, पंधरवड्यानं उजवी बाजू झाकून फक्त प्रश्न वाचायचे आणि मोठ्यानं उत्तर द्यायचं. याला रंग लागत नाहीत. याची पानं बघवत नाहीत. आणि पहिले दोन महिने रोज असं वाटतं की आपल्याला काहीच येत नाही.

हातानं लिहू की टॅबवर, हेही विचारता. मी हातानं लिहिते. टॅबवर लिहून निवड झालेलेही माझ्या ओळखीत आहेत. यावर भांडण्यात मला रस नाही.

पण एक गोष्ट माझ्याच्यानं सुटत नाही. माझी निवड झाली ती राज्य कर निरीक्षक म्हणून, संयुक्त परीक्षेतून. राज्यसेवा राहिलीच. मग माझी नवी पद्धत बरोबर ठरली असं कोणत्या तोंडानं म्हणू? शिवाय ती सदाशिव पेठेतली मुलगी, म्हणजे तेव्हाची मीच, अधूनमधून माझ्यासमोर येऊन बसते आणि म्हणते, तीन वर्षं मी ते सगळं चार-चार वेळा लिहून काढलं नसतं, तर तू कोऱ्या कागदावर आठवलं असतंस काय? तुझं दीड पानसुद्धा माझंच आहे. मी तिला म्हणते, तू तीन वर्षांऐवजी सहा महिने घालवायला हवे होतेस. ती म्हणते, हे तुला आज कळतं. यापुढे मला काही बोलता येत नाही. कदाचित तिचं काही अंशी खरंही असेल. मी अजून ठरवू शकलेले नाही.

एवढं मात्र मी ठाम म्हणेन, आणि तुम्हाला राग आला तरी म्हणेन. माझ्या वेळी मुख्य परीक्षेत चार पर्याय समोर असायचे, ओळखीवर थोडंफार निभायचं. आता २०२५पासून तुम्हाला वर्णनात्मक उत्तरं लिहायची आहेत. समोर फक्त कोरं पान. त्या पानावर माझी निळी चौकट तुमच्या काय उपयोगाची? ती आखताना जे थोडंफार डोक्यात शिरलं ते माझ्या शिरलं. तुमच्या हाती नुसती चौकट येईल.

पोतं टेंभुर्णीला घरी माळ्यावर आहे. अण्णांनी त्याला उंदीर लागू दिलेले नाहीत. ज्यांना वह्या बघायच्याच आहेत त्यांनी सुट्टीच्या दिवशी खुशाल या, चहा घ्या. फक्त वह्या खाली काढण्याआधी मी तुम्हाला एक कोरा कागद देईन आणि अण्णा त्यांचा तोच प्रश्न विचारतील. त्याचं उत्तर तुम्ही लिहिलंत, की हव्या तेवढ्या वह्या घेऊन जा.