रखडलेला अल्बम बाहेर काढताना: टेप नव्हे, कागद अडतो

टेप वाचली, आवाज वाचला, आणि सगळं अडलं ते एका वंशावळीपाशी. अण्णांचा १९९७ सालचा अल्बम अखेर लोकांना ऐकता येतोय, पण गाणी ऑनलाइन सेवांवर पोचवणाऱ्या वितरक कंपनीच्या कागदपत्र तपासणाऱ्या विभागावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. (अण्णा म्हणजे आमच्या सीमाभागातले ज्येष्ठ गायक, नाव मुद्दाम देत नाही.) बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कुणाच्या कपाटात कॅसेटच्या जमान्यातली न निघालेली गाणी पडून असतील, तर त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी हक्क कुणाचा ते बघा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्दांवर हक्क कवीचा, चालीवर संगीतकाराचा आणि ध्वनिमुद्रणावर निर्मात्याचा. निर्माता म्हणजे ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. गायकाला कलावंत म्हणून वेगळा हक्क आहे, पण मास्टर टेप (मूळ ध्वनिमुद्रणाची टेप) त्याच्या माळ्यावर आहे एवढ्यावरून ध्वनिमुद्रण त्याचं ठरत नाही. म्हणून स्टुडिओची बिलं शोधा. पैसे कुणी भरले हे दाखवणारी पावती सगळ्यात बोलका पुरावा असते. आमच्याकडे कार्बनच्या निळ्या अक्षरांची एक पावती निघाली, तीही निम्मी पुसट. झेरॉक्समध्ये ती कोरी दिसते. रंगीत स्कॅनच करावा लागतो.

कवी आणि संगीतकार यांचं काम लवकर उरकलं, कारण कायदाच त्यांच्या बाजूने होता. कलम १९(४) सांगतं की हक्क घेणाऱ्याने एका वर्षात ते वापरले नाहीत, आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ते हस्तांतरण संपुष्टात आल्याचं मानलं जातं. अल्बम निघालाच नव्हता, त्यामुळे हक्क मूळ मालकांकडे परतलेले. फक्त कराराची तारीख नीट बघा: १० मे १९९५ च्या आधीच्या करारांना हे पोटकलम लागू नाही. १९९४ आणि १९९७ च्या करारांत या एका गोष्टीने जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि बहुतेक वकील कॉपीराइटची कामं रोज करत नसल्याने त्यांना ते आठवण करून द्यावं लागतं.

ध्वनिमुद्रणाला मात्र ही पळवाट नाही. ते निर्मात्याने कुणाकडून घेतलेलं नसतं, पहिल्यापासून त्याचंच असतं. आमचे निर्माते वारलेले, कंपनी त्यांच्या एकट्याच्या मालकीची. अशा कंपनीला स्वतःचं वेगळं कायदेशीर अस्तित्व नसतं. मालक गेला की हक्क वारसांकडे. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलगे, मुली आणि आई हयात असल्यास आई, सगळे पहिल्या वर्गातले वारस. ‘थोरला मुलगा सही देतो म्हणाला’ याला काडीची किंमत नाही. लग्न होऊन महाराष्ट्रात गेलेल्या मुलीची सही तितकीच लागते.

वारस कोण हे दाखवायला नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयातून, वंशावळ काढायची. मयताचा दाखला, रेशन कार्ड, सगळ्या वारसांची आधार कार्डं आणि ई-स्टँपवरचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. मग तलाठी चौकशी करून अहवाल देतात. प्रतिज्ञापत्रात मुलींची माहेरची आणि सासरची, दोन्ही नावं पहिल्यापासूनच घालून घ्या. दाखला कन्नडमध्ये मिळतो आणि त्यावर ‘आरडी’ने सुरू होणारा क्रमांक असतो, त्यावरून ऑनलाइन पडताळणी होते. इथपर्यंत सरळ होतं.

तो दाखला वितरकाकडे गेला आणि गाडी थांबली. पहिलं उत्तर: कागद वाचता येत नाही. बरोबर आहे, मुंबईत बसलेल्या माणसाला कन्नड येत नसेल. पण भाषांतर हवं असेल तर कसं हवं, कुणाच्या सहीचं, हे सांगायला काय हरकत होती? साधं भाषांतर पाठवलं तर ‘प्रमाणित हवं’. प्रमाणित पाठवलं तर ‘मूळ प्रत जोडलेली नाही’, कारण मूळ प्रत आधीच्या तक्रारीत होती आणि ती तक्रार उत्तर न मिळाल्याचं कारण देऊन आपोआप बंद केली होती. दरवेळी नवा माणूस, दरवेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. पंचवीसहून अधिक वर्षं थांबलेल्या म्हाताऱ्या गायकाला ‘अजून थोडं थांबा’ हे सांगणं किती जड जातं, हे त्या विभागात कुणाला कळत असेल असं वाटत नाही.

नंतर नावाचा घोळ. निर्मात्यांच्या नावात ‘ज्ञ’ होता. महाराष्ट्रात छापलेल्या करारावर तो रोमन लिपीत ‘डी-एन-वाय’ असा, कर्नाटकातल्या सरकारी कागदावर ‘जे-एन’ असा. शिवाय करारात नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आणि इकडच्या एका दाखल्यावर आडनावाचं नुसतं आद्याक्षर. गावाचं नाव जुन्या कागदावर बेळगाव, नव्यावर बेळगावी, कारण १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बदललं. आपल्याला यात काही वेगळं वाटत नाही, आपण दोन्ही बाजूंचे कागद वापरतच वाढलोय. तपासणाऱ्याला मात्र ती दोन माणसं आणि दोन गावं वाटली.

यावर उपाय म्हणजे ‘ही सर्व नावे एकाच व्यक्तीची’ असं वारसाचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र. त्यात नावाचं प्रत्येक रूप, ते कोणत्या कागदावर आलंय त्या कागदाच्या तारखेसह लिहायचं. ‘इत्यादी’ लिहायचं नाही. जे रूप सुटलं त्यावरच पुढची शंका निघते. भाषांतर करणाऱ्याचंही वेगळं प्रतिज्ञापत्र घ्या: मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर मुळाबरहुकूम आहे. बेळगावला कोर्टाच्या आवारात कन्नड, मराठी आणि इंग्रजी तिन्ही लिहिणारी माणसं भेटतात. भाषांतर थेट इंग्रजीत करून घ्या, मधे मराठी आणू नका.

शेवटची अडवणूक ना-हरकत पत्रावरून झाली, आणि हा आक्षेप तेवढा योग्य होता. ‘आमची हरकत नाही’ एवढ्या ओळीने हक्क मिळत नाहीत. कलम १९ प्रमाणे हस्तांतरण लेखी, सहीचं हवं. त्यात कोणती गाणी, कोणते हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशात आणि मोबदला किती हे सगळं यायला हवं. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षंच धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. गाणं ऑनलाइन जाणार म्हणजे दुबईपासून अमेरिकेपर्यंत जाणार, तेव्हा ‘संपूर्ण जग’ हे शब्द हवेतच. आणि माध्यम म्हणून स्ट्रीमिंग व डाउनलोड यांची नावं घ्या. १९९७ च्या करारात कॅसेट आणि सीडी एवढंच होतं.

सगळ्या वारसांना एका बाँडवर सह्या करायला एकत्र आणायच्या भानगडीत पडू नका. प्रत्येकाचा वेगळा दस्त, तो राहतो त्या राज्याच्या स्टँपवर, मजकूर शब्दशः तोच. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभर-दोनशेचे दिवस गेले, अशा बऱ्याच दस्तांना किमान ५०० रुपये लागतात.

हे सगळं एका पीडीएफमध्ये बांधा. पहिल्या पानावर मालकी कुणाकडून कुणाकडे आली ते पाच-सहा ओळींत, पान क्रमांकांसह. प्रत्येक कन्नड कागदाच्या लगेच मागे त्याचं भाषांतर. असं एकसंध पाठवल्यावर तपासणाऱ्याला बोट ठेवायला जागाच उरली नाही आणि मंजुरी आली. त्या दिवशी अण्णांना फोन लावताना मला जो अभिमान वाटला तो लपवत नाही.

टेपबद्दल राहिलंच, आणि खरं तर ते सगळ्यात आधी करायचं, कारण कागद थांबतो, टेप थांबत नाही. आमची आधीची चार गाणी पाव इंची रिळावर आणि बाकीची डॅटवर (छोट्या डिजिटल कॅसेटवर) होती. रिळ हाताला चिकट लागलं किंवा चालवताना किंचाळलं तर ताबडतोब थांबवा. टेपवरचं बंधक रसायन हवेतली ओल शोषून सुटतं. मागच्या बाजूला काळा थर असलेल्या अँपेक्स ४५६ सारख्या टेपांत हे हमखास होतं, आणि आपल्याकडचा पावसाळा काय असतो ते सांगायला नको. ५४ अंश सेल्सिअसच्या आसपास, आठ तास किंवा जास्त, मधे रिळ उलटून, तापमान पक्कं राहणाऱ्या यंत्रात शेकायचं. घरच्या ओव्हनमध्ये नाही. मग तेवढाच वेळ गार होऊ द्यायचं आणि पुढच्या काही दिवसांत उतरवून घ्यायचं. जुन्या ॲसिटेट टेपा मात्र कधीही शेकू नयेत. रिळ उजेडासमोर धरलं की आरपार उजेड दिसतो, त्यावरून त्या ओळखता येतात. रिळावरून घेताना ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट. डॅट आहे त्याच दरात डिजिटल जोडणीने.

अल्बम एकसारखा नाही हे मान्यच आहे. आधीच्या चार गाण्यांत खरी ढोलकी आणि ॲकॉर्डियन, नंतरच्या गाण्यांत कीबोर्डचा ठोकळेबाज ताल, आणि मधल्या काळात अण्णांचा आवाजही खाली उतरलेला. तरुण मंडळींनी सूर दुरुस्त करून, नवा ताल घालून ‘ताजं’ करायचा आग्रह धरला. मी ठाम नाही म्हटलं. सहाव्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात वरच्या षड्जावर आवाज किंचित चिरतो. तो चिरलेला सूरच ते गाणं उभं करतो. मास्टरिंगमध्ये फक्त खरखर थोडी कमी करा आणि एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना गळ्याचा आवाज समपातळीत ठेवा. आवाज उगाच मोठा करण्यात अर्थ नाही, स्पॉटिफायसारख्या सेवा उणे १४ लफ्सच्या (आवाजाची पातळी मोजायचं एकक) आसपास आवाज आपणच खाली आणतात.

जुन्या कॅसेटसाठी छापून ठेवलेलं मुखपृष्ठ जसंच्या तसं चालत नाही. त्यावर किंमत आणि कंपनीचा फोन नंबर होता, दोन्ही काढावे लागले. चित्र चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. वर्तुळातल्या ‘पी’ चिन्हापुढे (ध्वनिमुद्रणाच्या हक्काची खूण) वर्ष पहिल्या प्रकाशनाचं लिहायचं, ध्वनिमुद्रणाचं नाही. ध्वनिमुद्रणाच्या हक्काची ६० वर्षं प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजली जातात, त्यामुळे इतकी वर्षं कपाटात राहूनही त्यातलं एकही वर्ष वाया गेलेलं नाही. वादकांची नावं आठवतील तेवढी सगळी भरा. त्याच नावाचा दुसरा गायक असेल तर गाणी त्याच्या पानावर जाऊन बसतात, म्हणून अर्ज भरतानाच नवीन कलाकार हा पर्याय निवडा.

कवी-संगीतकारांनी आयपीआरएसचं (त्यांच्यासाठी मानधन गोळा करणाऱ्या संस्थेचं) सभासदत्व घेऊन गाण्यांची नोंद करावी. पॅन आणि रद्द केलेला चेक हाताशी ठेवावा. वितरकाचे पैसे एकाच खात्यात येतात, त्यामुळे वारसांत कुणाला किती टक्के हे पहिला रुपया यायच्या आधी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. तो कागद वितरकाला पाठवायचा नाही, घरातच ठेवायचा.