हेल्म्सडेलचं जुनं गावठाण

नमस्कार मंडळी. मी १९९४ च्या दहावीच्या बॅचची, 'ब' तुकडी, खिडकीजवळचा तिसरा बाक. शाळेच्या स्मरणिकेसाठी लिही म्हणून ग्रुपवर तीन वेळा मेसेज आला आणि तिन्ही वेळा मी अंगठा दाखवून गप्प बसले, कारण मागणी अशी की परदेशातलं पण लिही, शाळेबद्दल पण लिही आणि दोन पानांत बसव. आता हे सगळं एका गाठोड्यात कसं बांधायचं? पण इथं डिसेंबरात साडेतीनलाच अंधार पडतो, सकाळी नऊशिवाय सूर्य तोंड दाखवत नाही, त्यामुळे वेळच वेळ आहे. म्हटलं लिहून टाकू.

मी राहते त्या गावाचं नाव हेल्म्सडेल. स्कॉटलंडच्या अगदी वर, ईशान्येच्या किनाऱ्याला, सदरलँड नावाच्या भागात. वस्ती हजाराच्या आत. एक नदी, नदीवर थॉमस टेलफर्डनं १८११-१२ च्या सुमारास बांधलेला दगडी पूल, एक बंदर, एक छोटी प्राथमिक शाळा, दोन-चार दुकानं, आणि घड्याळ असलेला एक मनोरा, तो पहिल्या महायुद्धात गेलेल्या पोरांचा. स्टेशनवर पाटी दोन भाषांत आहे, इंग्रजीत हेल्म्सडेल आणि गेलिकमध्ये 'बुन इली', म्हणजे इली नदीचं मुख. मी नर्सिंग केलं पुण्यात, इथं म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचं बघायचं काम करते. मिस्टर पवनचक्क्यांच्या कामावर. घरातून समोर समुद्रात बघितलं की हवा स्वच्छ असेल तर त्या ८४ चक्क्या दिसतात, काडेपेटीतल्या काड्या खोचल्यासारख्या.

पहिल्यांदा आले तेव्हा मला गावात एक गोष्ट खटकली. रस्ते सरळ. म्हणजे अगदी पट्टीनं मारल्यासारखे सरळ, काटकोनात, प्लॉट सारखे. मी मिस्टरांना म्हटलं, अहो हे गाव आपोआप झालेलं नाही, हे बसवलेलं गाव आहे. ते म्हणाले तुला कसं कळलं. आता मला नाही कळणार तर कोणाला? आपण सगळे उजनी धरणाच्या फुगवट्यातली माणसं, पुनर्वसनाच्या गावठाणात वाढलेलो, सरळ रस्ते, सारखे प्लॉट आणि मधोमध शाळा. जुन्या गावात बोळ असतात, वळणं असतात, कोणाच्या तरी घराचा कोपरा रस्त्यात आलेला असतो. सरळ रस्ता दिसला की समजायचं, इथं कोणीतरी कागदावर आखून माणसं आणून ठेवलीत.

आणि निघालं तसंच. गावाच्या मागं नदीच्या वरच्या अंगाला किल्डोननचं लांबलचक खोरं आहे. तिथं शेकडो वर्षं लोक राहत होते, थोडी शेती, काळी गुरं, लांबट दगडी घरं, त्याच घरात एका टोकाला गुरं आणि दुसऱ्या टोकाला माणसं, मधे चूल. जमीन सगळी सदरलँडच्या काउंटेसची, हे लोक नुसते कुळं. मग १८०० नंतर हिशोब झाला की माणसांपेक्षा मेंढ्या परवडतात. दक्षिणेकडून शेव्हियट जातीच्या मेंढ्या आणणारे मोठे शेतकरी जास्त खंड द्यायला तयार होते. झालं, खोरी रिकामी करायला घेतली. १८१३ च्या सुरुवातीला किल्डोननच्या लोकांनी मोजणीला आलेल्यांना हाकलून लावलं, तर फोर्ट जॉर्जवरनं सैनिक मागवले. शेजारच्या स्ट्राथनेव्हरमध्ये १८१४ ला घरं जाळली, त्याबद्दल इस्टेटीच्या कारभाऱ्यावर, पॅट्रिक सेलरवर, १८१६ ला इन्व्हरनेसला खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. किल्डोननची लोकसंख्या १८११ ला १५७४ होती, १८३१ ला २५७. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा वाचला.

घरं का जाळायची, तर त्या माळावर झाडं नाहीत, छपराचं लाकूड हीच घरातली सगळ्यात किमती वस्तू. ते जळलं की माणूस परत येऊन घर उभं करू शकत नाही. हे ऐकल्यावर मला आमच्या घराची चौकट आठवली. सागवानी, तिच्यावर गणपती कोरलेला, आजोबांनी ती जुन्या घरातनं उपटून बैलगाडीत घालून नव्या गावठाणात आणली होती आणि आधी चौकट उभी केली, भिंती नंतर. आपल्याकडं निदान चौकट, वासे, पाटे-वरवंटे आणता आले. मोबदल्याचं बोलायला नको, ते बोलायला लागले तर स्मरणिका जाडजूड होईल.

तर या उठवलेल्या लोकांसाठी १८१४ च्या सुमारास हेल्म्सडेल आखलं. रस्त्यांची नावं कशी ठेवली बघा, काही त्या घराण्याच्या स्कॉटलंडमधल्या इस्टेटींवरनं, डनरॉबिन, स्ट्राथनेव्हर वगैरे, आणि काही इंग्लंडमधल्या इस्टेटींवरनं, ट्रेंटम, लिलशॉल, स्टॅफर्ड. म्हणजे ज्यांनी उठवलं त्यांच्याच नावाच्या रस्त्यावर राहायचं. आणि पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखलेल्या माणसांना सांगितलं, आता हेरिंग धरा. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीचा चुलतभाऊ, चांदीसारखा, काटे भरपूर. गंमत अशी की धंदा खरंच चालला. मासे साफ करून मिठात घालून लाकडी पिंपांत भरायचे आणि जर्मनी, रशियाकडं पाठवायचे. उजनी भरल्यावर आपल्याकडं पण नाही का, काठावरचे काही लोक होडी घेऊन चिलापीच्या मागं लागले आणि आता पुण्याची माणसं भिगवणला खास मच्छीची थाळी खायला येतात.

माझ्याकडं एक आजी आहेत, नव्वदीच्या पुढच्या. त्यांना सकाळी आंघोळ घालणं, गोळ्या देणं हे माझं काम. एकदा त्यांच्या बोटांना मलम लावत होते तर त्यांनी हात उलटा करून त्यांच्या आजीची गोष्ट सांगितली. ती हेरिंग साफ करायला जायची. तिघी-तिघींची टोळी, दोघी मासा चिरणार, एक पिंपात रचणार. सुरी इतकी धारदार आणि मीठ इतकं की बोटांना जुन्या कापडाच्या चिंध्या गुंडाळून दोऱ्यानं बांधायच्या, नाहीतर जखमेत मीठ जाऊन रात्रभर झोप नाही. माशांच्या मागं मागं या बायका किनाऱ्यानं खाली पार इंग्लंडातल्या यार्मथपर्यंत जायच्या, पेट्या घेऊन रेल्वेनं. आणि हंगामाच्या आधीच व्यापारी त्यांना थोडे पैसे हातावर ठेवायचा, ते घेतले की बांधील. मी म्हटलं, आजी, याला आमच्याकडं उचल म्हणतात. ऊसतोडीच्या टोळ्या, मुकादम, कोयता, सगळं त्यांना सांगितलं, माझ्या मोडक्यातोडक्या भाषेत. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, मला वाटलं झोपल्या. मग एकदम म्हणाल्या, पोरांना कुठं ठेवायच्या गं? मला उत्तर देता आलं नाही, कारण तुम्हाला आठवतं, आपल्या वर्गातली चार-पाच पोरं दिवाळीनंतर गायब व्हायची ती एप्रिललाच दिसायची.

गावाची सगळीच कहाणी रडकी नाही बरं का. १८६८ मध्ये रॉबर्ट गिलख्रिस्ट नावाचा इथलाच माणूस सतरा वर्षं ऑस्ट्रेलियात सोनं शोधून परत आला आणि त्यानं किल्डोननच्या ओढ्यात सोनं शोधलं. मग काय, पाचसहाशे माणसं तंबू ठोकून बसली, वस्तीचं नाव पडलं 'बाल अन ओर', सोन्याचं गाव. महिन्याला एक पौंड परवाना फी. जमिनीचा मालक, सदरलँडचा ड्यूक, त्यानं १८६९ च्या शेवटी बंद करून टाकलं, कारण मेंढ्यांना, हरणांच्या आणि सामन माशांच्या शिकारीला त्रास. आजही तिथं हौसेनं थाळी घेऊन बसता येतं. मी पोराला घेऊन गेले, गार पाण्यात तीन तास ओणवं बसून वाळू हलवली, आणि मला सारखे आपल्या तालुक्याच्या सराफ गल्लीत गटार उपसणारे झारेकरी आठवत होते. थाळीच्या कडेला एक पिवळा कण चिकटला, तिळाच्या पाव भागाएवढा. सेलोटेपमध्ये चिकटवून फ्रिजवर लावलाय. किंमत शून्य, पण पाहुणे आले की पोरगं आधी तेच दाखवतं.

गावकी म्हणाल तर आपल्यासारखीच, फक्त आवाज कमी. ऑगस्टात हायलँड गेम्स, म्हणजे जत्राच, घागऱ्यासारखा किल्ट घातलेले गडी खांबाएवढा ओंडका उभा उचलून फेकतात, तो लांब जाऊन उपयोग नाही, कोलांटी मारून सरळ पडला पाहिजे. बॅगपाइप, नाच, पोरांच्या शर्यती. 'केली', म्हणजे गावाचा गाण्यानाचाचा मेळावा, असला की प्रत्येकजण काहीतरी करून आणतं, मी कांदाभजी नेते, ती पहिली संपतात (हे मी नाही म्हणत, रिकामा डबा म्हणतो). आणि नवीन वर्षाच्या रात्री बारानंतर घरात पहिलं पाऊल काळ्या केसांच्या पुरुषाचं पडलं तर वर्ष चांगलं जातं अशी समजूत आहे, हातात कोळशाचा तुकडा आणि बाटली. पूर्वी पिवळ्या केसांचा माणूस दारात म्हणजे समुद्रावरनं आलेला लुटारू, म्हणून काळे केस शुभ, असं सांगतात. आता अख्ख्या आळीत काळे केस कोणाचे? आमच्या मिस्टरांचे. पहिल्या वर्षी त्यांना सहा घरी नेलं, प्रत्येक घरी एक पेग, सातव्या घरी मी जाऊ दिलं नाही. आता केस पांढरे व्हायला लागलेत तर शेजारी म्हणतात, डाय कर, आम्ही पैसे देतो.

बरं, मूळ मुद्दा राहिलाच. गावाच्या वर टेकाडावर एक ब्राँझचा पुतळा आहे, २००७ साली बसवलेला, देशांतराला निघालेलं कुटुंब. बाप पुढं बघतोय, पोरगा बापाकडं बघतोय, आणि बाई, कडेवर बाळ, मान मागं वळवून खोऱ्याकडं बघतेय. १८१३ ला किल्डोननमधल्या जवळपास शंभर माणसांनी 'प्रिन्स ऑफ वेल्स' नावाच्या जहाजातनं कॅनडा गाठला, जहाजात टायफसचा ताप पसरला, उतरवलं भलत्याच ठिकाणी, चर्चिलला. तिथं कडाक्याची थंडी काढून पुढच्या वसंतात त्यातले पन्नासएक जण बर्फातनं शंभर मैलांच्या वर चालत गेले, बरोबर बॅगपाइप वाजवणारा. पुढं ते रेड नदीच्या काठी वसले, आज त्या विनिपेग शहरात किल्डोनन नावाचे भाग आहेत आणि असाच दुसरा पुतळापण आहे.

मागच्या उन्हाळ्यात पुतळ्यापाशी एक कॅनडाची बाई भेटली, सत्तरीची. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला कागद. तिच्या पणजोबांच्या आजोबांचं नाव, खोऱ्यातल्या वस्तीचं नाव, कुटुंबात किती माणसं, सगळं. गावात टाइमस्पॅन म्हणून म्युझियम आहे, तिथं जुन्या वस्त्यांची माहिती जपून ठेवलीय. २०१३ ला दोनशे वर्षं झाली तेव्हा केन नावाच्या उठवलेल्या वस्तीत उत्खननसुद्धा केलं. बाईंकडं गाडी नव्हती, मला सुट्टी होती, मी घेऊन गेले. गवतात गुडघाभर उंचीच्या दगडाच्या ओळी होत्या. ती कागद बघत एका चौकोनात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, हे बहुतेक गुरांचं टोक. मग दोन पावलं पुढं येऊन खाली बसली, डबा काढला आणि सँडविच खाल्लं. अर्धं मला दिलं.

खाता खाता तिनं विचारलं, तुझं गाव कुठलं. मी मोबाईलवर नकाशा काढला आणि बोट ठेवलं. निळं. ती म्हणाली, चुकून तळ्यावर बोट पडलं तुझं. मी म्हटलं, नाही, बरोबर पडलंय. मग तिला सांगितलं, मे महिन्यात पाणी उतरलं की पळसदेवच्या पळसनाथाचं जुनं देऊळ वर येतं, लोक बघायला जातात, आमच्या गावच्या पण पारावरचे दगड दिसतात असं वडील म्हणायचे. वडील नव्या गावठाणातल्या ओसरीवर बसून 'आपल्या गावात' म्हणायचे तेव्हा त्यांचं गाव ते पाण्यातलं असायचं, हे मला फार उशिरा कळलं. तिनं विचारलं, कोणाचं घर कुठं होतं याची यादी आहे का? मी म्हटलं, माहीत नाही. घरी येऊन भावाला फोन केला, तो म्हणाला, तलाठ्याकडं गट नंबर असतील, पण घर कुणाचं कुठं हे सांगणारे आता दोन-तीन म्हातारेच राहिलेत, त्यातल्या एकाला ऐकू येत नाही.

म्हणून शाळेकडं एक मागणं आहे. हेडमास्तरांच्या खोलीत डाव्या हाताला लोखंडी कपाट होतं, त्यात खालच्या कप्प्यात जनरल रजिस्टर असायचं, कापडी पुठ्ठ्याचं, मला माहीत आहे कारण दाखला काढायला गेले तेव्हा क्लार्क सर अर्धा तास शोधत होते. १९७६ पासूनच्या पहिल्या तीन-चार बॅचच्या पोरांचं जन्मठिकाण त्यात जुन्या गावाचं आहे, आणि नावापुढं वडिलांचं नाव. शाळेच्या रंगरंगोटीच्या गडबडीत ते कपाट बाहेर काढलं जाईल. कोणीतरी त्या पानांचे फोटो काढा आणि मला पाठवा, मी यादी टाइप करून देते. आणि ते दोन-तीन म्हातारे आहेत त्यांच्याकडं एखादा नववीतला पोरगा कोरा कागद घेऊन पाठवा, आधी पार काढायला सांगा, मग मारुती, मग विहीर, बाकीची घरं त्यांना आपोआप आठवतील. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याकडं आधी जा, त्यांना प्रश्न लिहून दाखवा, अक्षर मोठं काढा.

फोटो सरळ काढा मात्र, मागच्या वेळी कोणीतरी दाखल्याचा पाठवला होता त्यात अर्धा अंगठाच आला होता.