फूड ड्राइव्हच्या खोक्यात काय टाकावं, काय टाळावं

नोव्हेंबर लागला की अमेरिकेत ऑफिसच्या लॉबीत, वाचनालयात, सुपरमार्केटच्या दाराशी पुठ्ठ्याची मोठी खोकी दिसू लागतात. गरजूंसाठी शिधा गोळा करायचा हा 'फूड ड्राइव्ह'. नवीन आलेली मंडळी उत्साहाने घरचं कपाट उघडतात आणि तळाशी पडून राहिलेलं सगळं त्यात टाकून मोकळी होतात. ते दान नव्हे, अडगळ आवरणं झालं.

खोकं आधी फूड बँकेत, म्हणजे गोदामात जातं. तिथून वस्तीतल्या पॅन्ट्रीत, जिथे माणसं प्रत्यक्ष शिधा घ्यायला येतात. अशी पहिली फूड बँक 1967 साली ॲरिझोनातल्या फीनिक्समध्ये निघाली. आता एकट्या 'फीडिंग अमेरिका' या देशव्यापी संस्थेच्या जाळ्यात सुमारे 200 आहेत.

गोदामात स्वयंसेवक एकेक डबा हातात फिरवून बघतात. मधल्या भागावर उथळ पोचा असेल तर चालतो. पोचा वरच्या-खालच्या कडेवर किंवा उभ्या जोडावर असेल तर डबा बाद, कारण तिथलं सील सुटलेलं असू शकतं. खराब झालेल्या डब्यात जंतूंमुळे तयार होणारं बॉट्युलिझमचं विष वासाने किंवा चवीने कळेलच असं नाही, त्यामुळे फुगलेला डबा उघडून बघायचा प्रश्नच येत नाही. लेबल निघालेला डबाही बाद होतो. आत शेंगदाणे आहेत की काय, हे ॲलर्जीवाल्याला कसं कळणार? काचेची बरणी शक्यतो टाळा. एक फुटली की सगळं खोकं फेकावं लागतं. घरी केलेले लाडू, मोठ्या पोत्यातून पिशवीत भरलेली डाळ, हेही परत येतं. कारखान्याचं सील आणि इंग्रजीत घटकांची यादी असलेलं छोटं पाकीट हवं.

तारखेचा घोळ वेगळाच. डब्यावरची 'बेस्ट बाय' ही चवीची, दर्जाची तारीख असते. ती उलटली म्हणून डबा विषारी होत नाही आणि बऱ्याच फूड बँका तो घेतात. अपवाद तान्ह्या बाळाच्या फॉर्म्युल्याचा (आईच्या दुधाऐवजी देतात तो): त्यावर तारीख छापणं केंद्रीय कायद्याने सक्तीचं आहे आणि ती उलटली की तो कुणीही घेत नाही.

खरी टंचाई मात्र खाण्याच्या पलीकडे असते. गरजूंना खाण्याचं सामान घेण्यासाठी मिळणाऱ्या सरकारी 'स्नॅप' कार्डावर (पूर्वीचे फूड स्टॅम्प) साबण, टॉयलेट पेपर, सॅनिटरी पॅड, डायपर मिळत नाहीत. डायपर देताना लोक हौसेने नवजात बाळाच्या मापाचे आणतात. कमी पडतात ते 4 ते 6 नंबरचे, म्हणजे मोठ्या बाळांचे. ज्याच्याकडे स्वयंपाकघरच नाही त्याच्यासाठी रिंग ओढून उघडणारे डबे घ्या.

आणि 20 डॉलर द्यायचेच असतील तर सामान विकत घेऊन देण्यापेक्षा थेट फूड बँकेला द्या. घाऊक खरेदी, ट्रक आणि शीतगृह यांना रोख पैसाच लागतो. तुमची कंपनी तुमच्या देणगीत तेवढीच भर घालत असेल तर मुदत बघून ठेवा, आणि देणगी 250 डॉलर किंवा अधिक असेल तर करवजावटीसाठी लेखी पोचपावती मागा.

नाताळसाठी गरजू मुलांना द्यायच्या खेळण्यांची तऱ्हा निराळी. मरीन कोअर रिझर्व्हचा (अमेरिकी सैन्याच्या एका राखीव दलाचा) 'टॉइज फॉर टॉट्स' हा खेळणी गोळा करायचा उपक्रम 1947 पासून चालतो. खेळणं नवं हवं आणि गुंडाळलेलं नको! आपल्याला चमकत्या कागदाशिवाय भेट देणं अवघड जातं, पण वयानुसार वाटणी करणाऱ्याला आत काय आहे ते दिसायला हवं. कागद आई-बाप घरी लावतात, म्हणजे मुलाच्या हातात भेट पडते ती त्यांच्याकडून. साल्व्हेशन आर्मी या सेवाभावी संस्थेच्या 'एंजल ट्री'वरची, म्हणजे मुलांच्या चिठ्ठ्या लावलेल्या नाताळच्या झाडावरची, चिठ्ठी घेतलीत तर मात्र ती विसरू नका. तीवर एका ठरावीक मुलाचं वय, माप आणि इच्छा लिहिलेली असते; चिठ्ठी तुमच्या पर्समध्ये राहिली की झाडावरून ते मूल गेलंच समजा. जमत नसेल तर मुदतीआधी परत नेऊन द्या.

हातांनी मदत करायची तर थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या) दिवशी जेवण वाढायच्या जागा कित्येक आठवडे आधीच भरतात. जानेवारी-फेब्रुवारीतली नोंदणी उघडा, तिथे रिकाम्या जागा सहज सापडतील. बंद बूट घालून जा, सँडल असेल तर गोदामात आत सोडत नाहीत. पॅन्ट्रीत रांगेतल्या माणसांचे फोटो काढू नका, हे वेगळं सांगायला नको; तरी सांगावं लागतं.