आमच्याकडे म्हणजे कोणाकडे?

गेल्या हिवाळ्यात, म्हणजे तिकडे वडोदऱ्यात तुम्ही विश्वामित्रीची पातळी बघत बसता त्या जुलैमध्ये, मी इथे न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनला, टोपली विणायला शिकले. शनिवार मोकळा होता, वर्ग फुकट होता. यापेक्षा उदात्त कारण नव्हतं.

शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, वायकातो नदीकाठच्या माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी. त्यांना सगळे ‘फाएआ’ म्हणतात. मावशी म्हणा, बाई म्हणा, दोन्ही त्या एका शब्दात बसतं. सुरुवातीला प्रत्येकाने आपला डोंगर आणि आपली नदी सांगायची. नाव, गाव, नोकरी मागाहून. मी म्हटलं, पावागढ आणि विश्वामित्री. ही नदी त्याच डोंगरातून निघते हे सांगितल्यावर फाएआ खूश झाल्या. मीही खूश. (डोंगर ‘माझा’ म्हणायचा हक्क बाहेरून आलेल्यांना आहे का, यावर माओरी लोकांतच दोन मतं आहेत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.)

पहिले दोन तास विणकाम नाहीच. सगळ्यांना बाहेर, हाराकेकेच्या बेटाशी नेलं. याच झाडाच्या पात्यांची टोपली विणतात. आपल्या केवड्याची आठवण व्हावी अशी लांब, तलवारीसारखी पाती. मधलं कोवळं पान म्हणजे रीतो, बाळ. त्याला दोन्ही बाजूंनी धरून उभी असलेली पानं आईबाप. या तिघांना हात लावायचा नाही. कापायची ती बाहेरची पानं, आजीआजोबा. तीही तिरपी, मधून बाहेर उतरती, म्हणजे पावसाचं पाणी वाहून जातं आणि बुंधा कुजत नाही. आधी काराकिया म्हणायचा, म्हणजे प्रार्थना. पावसात कापायचं नाही, रात्री कापायचं नाही. कापलेली पाती ओलांडायची नाहीत. उरलेले तुकडे कचऱ्यात न टाकता पुन्हा झाडापाशी ठेवायचे.

आता तुम्हीच सांगा, हे ऐकून दांडिया बाजारात वाढलेली मुलगी गप्प बसेल? मी लगेच सुरू. आमच्याकडेही तिन्हीसांजेनंतर तुळस तोडत नाहीत! आमच्याकडेही रात्री झाडं झोपतात! इथे हिवाळ्यात माओरी नववर्ष असतं, मातारिकी. पहाटे तो तारकापुंज उगवला की वर्षभरात गेलेल्यांची नावं घेतात, शिजवलेल्या अन्नाची वाफ ताऱ्यांना अर्पण करतात. 2022 पासून त्याची देशभर सरकारी सुट्टी आहे. त्यावरही माझं तयार होतंच, “अहो, मातारिकी म्हणजे आमच्या कृत्तिका! आमचा कार्तिक महिना त्यांच्यावरूनच.”

चौथ्या की पाचव्या ‘आमच्याकडेही’ला फाएआंनी सुरी खाली ठेवली आणि अगदी साधेपणाने विचारलं, “तुमच्याकडे म्हणजे कोणाकडे? त्या डोंगरापाशी राहणाऱ्या लोकांकडे?”

काय सांगणार? आमचं घराणं गायकवाडांच्या मागून घाटावरून आलेलं. पावागढ मला गच्चीतून दिसायचा आणि नवरात्रात रोपवेच्या रांगेत भेटायचा. पावागढच्या पूर्वेला, छोटा उदेपूरकडे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे राठवा, नायक माझ्या ‘आमच्याकडे’मध्ये होते का? सोयीचं असेल तेव्हा होते. आदिवासी मेळ्यातून घरी काही आणलं की ते ‘आपली कला’. आजी खंडेराव मार्केटबाहेर मुळ्या विकायला बसणाऱ्या बाईकडून सांधेदुखीचं काहीतरी आणायची. ते उगाळून आम्हाला लावलं की तो ‘आजीबाईचा बटवा’. त्या बाईचं नाव आजीला माहीत नव्हतं. भाव मात्र दरवेळी करायची.

हळदीचंच बघा. 1995 मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं आणि सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने, तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या पुढाकाराने, ते 1997 मध्ये रद्द करून घेतलं. शाळेत बाईंनी ही गोष्ट सांगितली तेव्हा आम्ही बाकं वाजवली होती. पुढे 2001 पासून पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभा राहिला, म्हणजे पेटंट तपासणाऱ्यांना आपली जुनी माहिती त्यांच्या भाषेत वाचता यावी. मोठंच काम आहे, त्याला माझा सलाम. पण ही लढाई जिंकली कशी? छापील पुरावा दाखवून. संस्कृत ग्रंथांतले उतारे होते, इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला 1953 चा लेख होता. तो संग्रहही मुख्यतः आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा ग्रंथांवर उभा आहे. मार्केटबाहेरच्या बाईची मुळी कुठल्या ग्रंथात आहे? तिचं ज्ञान तिच्या तोंडात. तिच्या वतीने बाकं कोणी वाजवली नाहीत. आणि ते लिहून काढलं की प्रश्न मिटला असंही नाही, कारण लिहिलेलं कोणीही वाचतं आणि कोणीही बाजारात नेतं.

इथले लोक या गोष्टीवर फार आधीपासून भांडताहेत. 1991 मध्ये सहा जणांनी वैतांगी न्यायाधिकरणाकडे, म्हणजे माओरींच्या सरकारविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाकडे, दावा लावला, वाय 262 या नावाने ओळखला जातो तो. म्हणणं असं की इथली झाडं, पक्षी आणि त्यांच्याबद्दलचं ज्ञान, ‘माताउरांगा’, यांचं काय करायचं हे ठरवताना आमचा शब्द चालला पाहिजे. अहवाल आला 2011 मध्ये. तोवर दावा करणाऱ्यांतले बहुतेक वारले होते. त्यातल्या कितीतरी शिफारशी आजही कागदावरच आहेत, तेव्हा न्यूझीलंडला डोक्यावर घेऊन नाचायला नको.

पण मातारिकीची एक गोष्ट मला फार आवडते. रांगी मातामुआ या अभ्यासकाने आजोबांना ताऱ्यांबद्दल विचारलं, तर आजोबांनी कपाटातून एक हस्तलिखित काढून हातात ठेवलं. चारशेच्या आसपास पानं, लिहायला सुरुवात 1898 ची, त्यात हजारेक ताऱ्यांची नावं. इतकी वर्षं ते घरातच होतं, बाहेर कोणाला पत्ता नाही. ते जगापुढे आणलं ते त्याच घरातल्या माणसाने. आज शाळेतली पोरं मातारिकीचे नऊ तारे म्हणून दाखवतात, गोड्या पाण्याचा, खाऱ्या पाण्याचा, पावसाचा, जमिनीत पिकणाऱ्या अन्नाचा. कपाट कधी उघडायचं हे घरातल्यांनी ठरवलं.

डिसेंबरात वडोदऱ्याला आले तेव्हा आईला म्हटलं, तेजगढला जाऊ. भाषांचे अभ्यासक गणेश देवी यांनी ‘भाषा’ या संस्थेमार्फत उभी केलेली आदिवासी अकादमी तिथे आहे. आपल्यापासून दोन-अडीच तासांवर. इतकी वर्षं गेलो नव्हतो. महाबळेश्वरला चार वेळा जाऊन आलो. आई आधी कुरकुरली, मग ठेपले बांधून तयार.

आमच्या दिवाणखान्यात एक कापड फ्रेम करून लावलंय, लाल-पिवळ्या घोड्यांचं. आई त्याला ‘घोडेवालं’ म्हणते. तिकडे एका राठवा घरात ओसरीची भिंत बघितली आणि आई म्हणाली, “अगं, हे तर आपलं घोडेवालं!” (हा ‘आपलं’ बघा.) आम्हाला घेऊन आलेला तरुण हसला. त्याने सांगितलं ते असं. पिठोरा हा त्यांचा देव, आणि भिंतीवरच्या त्याच्या चित्रालाही पिठोराच म्हणतात. ते कोणी सजावट म्हणून काढत नाही. घरात आजारपण आलं, गुरं मेली, काही अडलं, की बडव्याकडे, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्याकडे, जाऊन मानता घेतात, म्हणजे नवस बोलतात. ती फळली की पिठोराला घरी आणायचं. भिंत कुमारिकांनी शेण-मातीने लिंपायची, लखारांनी, म्हणजे चित्र काढणाऱ्यांनी, काढायचं, रंगात दूध आणि महुड्याची, म्हणजे मोहाची, दारू. रात्रभर गाणं चालतं. घोडे पिठोराच्या वरातीतले. शेवटी बडवा भिंतीवरचं एकेक चित्र ओळखून सांगतो, तेव्हा ते पुरं होतं.

“म्हणजे तो ते वाचतो,” मी म्हटलं, आणि फोन काढून एका आकृतीवर बोट ठेवलं, “हे कोण?”

“ते बडवा सांगेल,” तो म्हणाला. “मी नाही.”

त्याला माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. मी फोन पर्समध्ये टाकला.

आईने मात्र परतताना गाडीत एकच मुद्दा धरला. आपल्या घोडेवाल्याला मानता नाही, लिंपण नाही, बडवा नाही, मग ते आहे तरी काय? मी म्हटलं, मेळ्यातल्या दुकानदाराला विचारायला हवं होतं, कोणी काढलं म्हणून. “तो म्हणाला असता सुरतच्या छापखान्याने,” आई म्हणाली आणि बोडेलीपर्यंत झोपली. तिच्या म्हणण्यात तथ्य असावं. ज्या लोकांतल्या परेशभाई राठवांना 2023 मध्ये पिठोरासाठी पद्मश्री मिळाली, त्यांच्यातल्या कोणाला आमच्या त्या फ्रेमचे किती पैसे पोचले असतील, कोण जाणे.

टोपलीचं राहिलंच. पहिलं विणलेलं स्वतःकडे ठेवायचं नसतं, देऊन टाकायचं, हाही फाएआंचा नियम. मला ती ठेवायची होती, कारण वाकडी असली तरी माझी होती. यावेळी तोंडावर आलेलं ‘आमच्याकडेही’ गिळलं आणि टोपली आईला दिली. कोनो म्हणतात तिला, मुळात खाण्याचंच भांडं. आईने त्यात लसूण भरून ओट्यावर ठेवली आहे. परवा व्हिडिओ कॉलवर समोरच्या कोकिळाबेन तिला विचारत होत्या, हे कुठलं.

“माओरी लोकांचं,” आई म्हणाली. मग फोनकडे वळून, “कुठल्या माओरींचं गं? त्या तुझ्या बाईंचं नाव काय, तेही सांग, यांना सांगते.”