पहिल्या वर्षाचा अभ्यास आणि कळव्याचे रुग्णालय
कळव्याच्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयाला ठाणे महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाची जोड आहे, आणि एमबीबीएसच्या साडेचार वर्षांच्या अभ्यासाला व पुढच्या एका वर्षाच्या इंटर्नशिपला तिचा मोठा आधार मिळतो. पहिल्या वर्षातले शरीररचनाशास्त्र केवळ पाठ करून भागत नाही; बाहूतील मज्जातंतूंचे जाळे मानेपासून बोटांपर्यंत स्वतःच्या हाताने उलगडून पाहिले, तरच मनगट लुळे पडलेल्या रुग्णात रेडियल मज्जातंतू कोठे दुखावला असावा, याचा अंदाज बांधता येतो. शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र सोबत असतातच. २०१९ पासूनच्या क्षमताधिष्ठित, म्हणजे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येते यावर भर देणाऱ्या, अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी रुग्णांशी ओळख होते, हा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण दिवा-मुंब्र्याहून आलेल्या आजींना ‘कुठे दुखतंय?’ असे धीराने विचारणे पुस्तकातून शिकता येत नाही.