फांदी नेमकी कुठे कापायची? छाटणीचा माझा अनुभव

तीन-चार वर्षं कात्री न लागलेली बाग हाती आली होती: एक पेरू, दोन जास्वंदी, पाच-सहा गुलाब, एक कण्हेर आणि कुंपणाशी मोरपंखी. पहिले दोन दिवस मी काहीच कापलं नाही. झाडाभोवती फिरून कोणती फांदी कुठून निघते आणि कुठे जाते ते पाहिलं, काढायच्या फांद्यांना चिंध्या बांधल्या. पक्ष्यांची घरटीही तेव्हाच पाहून घ्यावीत. वाळकी वाटणारी फांदी खरंच मेली आहे का, हे नखाने साल जराशी खरवडली की कळतं. आत हिरवं असेल तर ती जिवंत. कोरडं आणि तपकिरी असेल तर गेलेली.

कात्री एकमेकांलगत सरकणाऱ्या पात्यांची हवी. धारेचं पातं सपाट पट्टीवर आपटणारी कात्री ओली फांदी चेंगरते, म्हणून ती वाळक्या काटक्यांपुरती ठेवली. बोटाएवढ्या जाडीपर्यंत हातातली कात्री, त्यापुढे लांब दांड्यांची, आणि साधारण ४ सेंटिमीटरच्या वर करवत. कापताना धारेचं पातं झाडावर राहणाऱ्या भागाकडे आणि आकडा (समोरचं वाकडं, बिनधारेचं पातं) पडणाऱ्या तुकड्याकडे ठेवायचा. आकड्याखालची साल चेंगरतेच, ती तुकड्यासोबत जाऊ द्यावी. धार लावताना कानस फक्त उतार असलेल्या बाजूवर फिरवायची. मागची सपाट बाजू घासली की पात्यांत फट पडते आणि सालीचे धागे लोंबत राहतात. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना ७० टक्के अल्कोहोलने पाती पुसली. ब्लीचनेही जंतू मरतात, पण पोलाद गंजतं.

सुरुवात पेरूपासून केली. आधी वाळक्या, मग रोगट आणि मोडलेल्या, मग एकमेकींना घासणाऱ्या फांद्या. एवढं झाल्यावर थांबून लांबून पाहिलं, तर पुष्कळसं काम झालेलं होतं. हिरव्या पसाऱ्याचा चौथा हिस्सा ही एका वर्षाची कमाल मर्यादा मी पाळते. त्याहून जास्त काढलं की झाड घाईघाईने पाणसोट, म्हणजे सरळसोट वाढणारे कोवळे फुटवे, फेकतं, आणि पुढच्या वर्षी गर्दी आणखी वाढते.

मनगटाएवढ्या फांदीला तीन काप लागतात. पहिला खालून, बुंध्यापासून ३० ते ४० सेंटिमीटरवर, जाडीच्या चौथ्या हिश्शापर्यंत. दुसरा वरून, त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर पुढे. फांदी तिथे मोडून पडते, आणि खालच्या कापामुळे साल बुंध्यापर्यंत सोलत जात नाही. मग उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढायचा. हा तिसरा काप सगळ्यात महत्त्वाचा. फांदी जिथे बुंध्याला मिळते तिथे वरच्या अंगाला सालीची सुरकुतलेली वळकटी असते आणि खाली फुगीर कडं. काप या दोन्हींच्या जरासा बाहेरून घ्यायचा. कडं कापलं तर जखम झाकणारा भागच जातो. लांब खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि कूज आत नेतो. वर्षभराने पाहिलं तर काप कसा होता ते झाडच दाखवतं. जखमेभोवती नव्या लाकडाचं सारख्या जाडीचं गोल कडं चढलं असेल तर काप बरोबर होता. कडं फक्त दोन बाजूंना असून वर-खाली मोकळं असेल, तर तो बुंध्याच्या फार जवळून गेला.

अमेरिकेच्या वनसेवेतले अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य झाडं चिरून आतली कूज अभ्यासली. त्यांचं म्हणणं असं, की झाड जखमी लाकूड दुरुस्त करत नाही. ते आत कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. जखमेवर रंग किंवा डांबर लावून कूज थांबत नाही, म्हणून मी काही लावलं नाही.

पेरूला फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे हलकी छाटणी त्याला मानवते. जास्वंदीचंही तसंच. तिच्या जुन्या, जाड फांद्यांपैकी एक तृतीयांश बुडापासून काढल्या. उरलेल्या पुढच्या दोन वर्षांत. वरवर शेंडे कातरत राहिलं तर बाहेर पानांचा गच्च घुमट होतो आणि आत नुसत्या काड्या उरतात. शेंड्याचा डोळा (जिथून नवी फूट निघते तो कोंब) खालच्या डोळ्यांची वाढ दाबून ठेवतो. तो गेला की कापाखालचे तीन-चार डोळे एकदम फुटतात. झाड दाट हवं असेल तर शेंडा मारायचा, मोकळं हवं असेल तर फांदी जिथून निघते तिथूनच काढायची. जी झुडपं मागच्या वर्षीच्या लाकडावर फुलतात, त्यांना मात्र बहर ओसरल्यावर लगेच छाटायचं, नाहीतर पुढचा बहर कचऱ्यात जातो.

गुलाबात पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या काढल्या आणि मधला भाग मोकळा केला. काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या ५-६ मिलिमीटर वर, उतार डोळ्यापासून दूर. आतला गाभा पांढरट दिसायला हवा. तपकिरी दिसला तर पांढरा लागेपर्यंत खाली सरकायचं. एका गुलाबात मी जवळजवळ कलमाच्या गाठीपर्यंत, म्हणजे खालच्या खुंटावर वरचा गुलाब जोडलेला असतो तिथपर्यंत, उतरले. गाठीखालून आलेले फुटवे कापले तर बुडातले डोळे पुन्हा फुटतात, म्हणून माती बाजूला करून ते मुळापासून ओढून तोडले.

मोरपंखीच्या हिरव्या भागाच्या आत कात्री घालू नये. उघड्या तपकिरी लाकडातून तिला फूट येत नाही, खड्डा कायमचा राहतो. कण्हेरीला हातमोजे आणि चष्मा, आणि तिच्या फांद्या कधीही जाळायच्या नाहीत: चीक जसा विषारी, तसा धूरही.

छाटणीनंतर पाणी नेहमीसारखं दिलं, खताची घाई केली नाही. नत्र जास्त झालं की लुसलुशीत, कमकुवत फूट येते. पाच-सहा आठवड्यांनी पेरूवर कापांच्या आसपास कोवळे पाणसोट झुबक्याने आले. तेवढ्या वयात ते अंगठ्याने आडवे ढकलले की बुडासकट निघतात. जिथे फांदी हवी होती तिथला एक राखला, बाकीचे मोडले.